चित्रकलेचे सॉफ्टवेअर आणि कालबाह्य ग्राफिक्स ड्रायव्हर : एका प्रश्नाचा आढावा

संगणकावर चित्र काढताना सॉफ्टवेअर मध्येच बंद पडणे, कॅनव्हासच्या जागी नुसता काळा चौकोन दिसणे किंवा सॉफ्टवेअर सुरू होता होताच नाहीसे होणे या तक्रारींवर जाणकारांकडून बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करण्याचा. या सल्ल्यात तथ्य आहे आणि अनेकदा त्याने काम भागतेही. पण ड्रायव्हर जितका नवा तितका चांगला आणि तो जुना असेल तर दोष त्याचाच, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहावे लागते. ‘जुना’ हा शब्द येथे वयापेक्षा नाते सांगतो : चार वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर त्याच काळातल्या सॉफ्टवेअरशी बिनतक्रार नांदतो, आणि गेल्या महिन्यातला ड्रायव्हर कालच्या विंडोज अपडेटनंतर अडखळू शकतो. कार्ड, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि चित्राचे सॉफ्टवेअर या चारही गोष्टी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळापत्रकांनी बदलत असतात आणि चित्रकाराचा कॅनव्हास या चौघांच्या जुळणीवर उभा असतो. म्हणून हा प्रश्न मुळात निदानाचा आहे आणि अपडेट हा त्यावरच्या अनेक उपायांपैकी एक उपाय आहे.

पडद्यावर काय दिसावे हे सॉफ्टवेअरला ठाऊक असते, पण ते दिसण्यासाठी एखाद्या विशिष्ट चिपला कोणत्या आज्ञा द्याव्या लागतात हे त्याला ठाऊक नसते. त्या दोहोंमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. सॉफ्टवेअर या दुभाष्याशी एका ठरीव भाषेत बोलते. ओपनजीएल ही अशा भाषांपैकी जुनी, सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्ये जाहीर केलेली. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी, ॲपलची २०१४ मधली मेटल आणि क्रोनोस या उद्योगसमूहाने २०१६ मध्ये आणलेली व्हल्कन या तिच्या नंतरच्या. ओपनजीएलचे नियम सर्वांसाठी एकच असले, तरी त्यांची अंमलबजावणी कार्ड बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या ड्रायव्हरमध्ये स्वतंत्रपणे करते, आणि एनव्हिडियाच्या कार्डावर सुरळीत चालणारे सॉफ्टवेअर इंटेलच्या चिपवर कोसळण्याचे किंवा उलट घडण्याचे मूळ येथे आहे. त्यात शेडरची भर पडते. शेडर म्हणजे पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग काढणारा छोटा प्रोग्राम. ओपनजीएलमध्ये सॉफ्टवेअर तो सामान्यतः मजकुराच्या रूपातच ड्रायव्हरच्या हवाली करते आणि ड्रायव्हर तो चिपच्या भाषेत उतरवून घेतो. याचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात एक अख्खा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी यंत्रणा, असतो. आणि कंपायलर ही चुका दडून राहण्यास फार सोयीची जागा आहे.

दोष कोणाचा, याबद्दलचा गोंधळ ड्रायव्हरच्या रचनेतूनच निर्माण होतो. २००७ च्या आरंभी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी रचना लागू केली आणि ड्रायव्हरचे दोन भाग पाडले : एक लहान भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात राहतो, तर दुसरा, बराच मोठा भाग, ग्राफिक्स वापरणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या आत जाऊन बसतो. हेतू स्तुत्य होता, कारण मोठ्या भागात चूक झाली तर संपूर्ण संगणक निळ्या पडद्यावर न जाता फक्त ते एक सॉफ्टवेअर बंद पडावे, अशी ही व्यवस्था आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की ड्रायव्हरच्या फाइलीत घडलेली चूक चित्रकाराला सॉफ्टवेअरचा मृत्यू म्हणून दिसते. दोघे एकाच खोलीत राहतात आणि घर कोणामुळे पडले हे बाहेरून सांगता येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ऐकून घ्यावा लागणारा रोष कितीदा तरी दुसऱ्याच्या कोडबद्दलचा असतो. आणि सॉफ्टवेअरने नियमबाह्य आज्ञा दिल्यामुळे ड्रायव्हर कोसळला, असे उलटही घडते.

चित्रकलेचे प्रत्येक सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर सारख्याच प्रमाणात अवलंबून नसते, आणि निदानाचा आरंभ या अवलंबनाचा अंदाज घेण्यापासून व्हायला हवा. फोटोशॉपने २००८ च्या सीएस४ आवृत्तीपासून कॅनव्हास फिरवणे, सलग झूम करणे अशी कामे ओपनजीएलच्या मदतीने कार्डाकडे सोपवली, आणि त्यानंतर फिल्टर व इतर सोयींमध्ये हे अवलंबन वाढत गेले. केडीई समुदायाच्या मुक्त सॉफ्टवेअर क्रिटामध्ये ब्रशच्या फटकाऱ्याचे गणित मुख्यतः प्रोसेसर करतो, आणि तयार झालेले चित्र पडद्यावर नेणे, मोठे-लहान करणे, फिरवणे हे काम कार्ड करते. त्यामुळे क्रिटाच्या बाबतीत ड्रायव्हरचा दोष कॅनव्हास दिसण्याच्या टप्प्यावर, म्हणजे पुष्कळदा फाइल उघडण्याच्या क्षणीच, प्रकट होतो. क्लिप स्टुडिओ पेंट वापरणाऱ्याला साधी रेघ ओढताना काही जाणवत नाही, पण त्रिमितीय मानवाकृती कॅनव्हासवर आणताच अडचण येते. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे : तेथे बटणे आणि मेनूसुद्धा कार्डामार्फतच रेखाटले जातात, म्हणून ड्रायव्हर कामास येत नसेल तर खिडकीही उघडत नाही. सॉफ्टवेअर नेमके कोणत्या क्रियेला बंद पडले हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारायचा असतो.

‘ड्रायव्हर जुना आहे’ या एका वाक्याआड निदान चार वेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. पहिल्या परिस्थितीत कार्डाचा खरा ड्रायव्हर बसवलेलाच नसतो. विंडोज नव्याने टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे नाव दिसते; पडदा उजळतो, अक्षरे वाचता येतात, पण ओपनजीएलची केवळ १.१ ही आवृत्ती हाती येते, जी आजच्या कोणत्याही गंभीर चित्र-सॉफ्टवेअरला पुरत नाही. या ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ अशी दाखवली जाते आणि ती पाहून पुष्कळ जण चकित होतात. ही तारीख मुद्दाम दिलेली आहे : विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर ती सरसकट घातली जाते, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा कोणताही ड्रायव्हर आपोआप ‘अधिक नवा’ ठरून निवडला जातो. तारखेवरून ड्रायव्हरचे वय ठरवण्याची सवय किती फसवी आहे हे यावरून ध्यानात यावे.

दुसऱ्या परिस्थितीत ड्रायव्हर असतो, चालतही असतो, पण सॉफ्टवेअरने मागितलेली आवृत्ती त्याला ठाऊक नसते. ब्लेंडरचा प्रवास हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीने ओपनजीएल ३.३ ही किमान अट ठेवली, आणि नोव्हेंबर २०२३ मधल्या ४.० आवृत्तीने विंडोज व लिनक्ससाठी ती ४.३ वर नेली. आता इंटेलची एचडी ३००० ही २०११ मधली चिप विंडोजवर ओपनजीएल ३.१ पर्यंतच पोहोचते आणि पुढच्या वर्षीची एचडी ४००० ही ४.० पर्यंत. पहिलीचा मालक २.८० ला मुकतो, दुसरीचा ४.० ला. यांपैकी कोणालाही ड्रायव्हर अपडेट करून काहीही साधणार नाही, कारण मर्यादा ड्रायव्हरच्या वयाची नसून त्या चिपसाठी निघालेल्या शेवटच्या ड्रायव्हरची आहे. हे न सांगता ‘अपडेट करून पाहा’ एवढेच सांगणे म्हणजे त्या माणसाची संध्याकाळ वाया घालवणे होय. त्याला सांगायला हवे ते असे की ब्लेंडरची ३.६ ही दीर्घकाळ आधार मिळालेली आवृत्ती ओपनजीएल ३.३ वर चालते आणि एचडी ४००० असलेल्या लॅपटॉपवर ती बसवून काम करता येते.

तिसरी परिस्थिती खऱ्या दोषाची : ड्रायव्हरच्या एखाद्या आवृत्तीत चूक राहून गेली आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. प्रचलित सल्ला खऱ्या अर्थाने लागू पडतो तो येथे. चौथीत मात्र ड्रायव्हर जागच्या जागी असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुढे सरकलेली असते. विंडोज ७ किंवा ८ बरोबर विकत घेतलेला लॅपटॉप विंडोज १० वर आणल्यानंतर जुन्या काळचा ड्रायव्हर तसाच ओढला जातो, आणि दुसऱ्या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरांसाठी तर इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून जुने लॅपटॉप घेऊन चित्रकला शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही चौथी परिस्थिती वारंवार भेटते. यंत्र बाहेरून नीटनेटके असते, विंडोजही नवे टाकलेले असते, आणि क्रिटा उघडले की पडदा काळा.

ड्रायव्हर जुना राहण्यामागे वापरणाऱ्याचा आळस हे कारण सांगितले जाते, पण ते क्वचितच पुरते खरे असते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या बॅटरी, पडद्याची उजळणी आणि दोन चिपांमधील अदलाबदल यांसाठी ड्रायव्हरमध्ये आपले फेरफार करून घेतात आणि एकदोन वर्षांनी त्या मॉडेलकडे लक्ष देणे थांबवतात. इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर अशा लॅपटॉपवर घालू लागल्यास ‘हा ड्रायव्हर या संगणकासाठी नाही’ अशा आशयाचा नकार येत असे. इंटेलने हे बंधन २०२० मध्ये काढून टाकले. विंडोज अपडेटची निवडपद्धती हे आणखी एक कारण आहे. विंडोज ड्रायव्हर निवडताना प्रथम तो त्या विशिष्ट यंत्राशी किती नेमका जुळतो हे पाहते आणि तारीख त्यानंतर. साहजिकच लॅपटॉप कंपनीने खास त्या मॉडेलसाठी नोंदवलेला जुना ड्रायव्हर सर्वसाधारण नव्या ड्रायव्हरपेक्षा वरचढ ठरू शकतो. चित्रकाराने रविवारी परिश्रमाने बसवलेला नवा ड्रायव्हर मंगळवारी मुकाट्याने बदलला जातो, आणि बुधवारी सॉफ्टवेअर पुन्हा कोसळू लागल्यावर ‘ड्रायव्हर तर आत्ताच अपडेट केला’ या खात्रीमुळे शोध भलतीकडे वळतो. आवृत्तीचा क्रमांक पुन्हापुन्हा डोळ्यांनी वाचणे म्हणूनच आवश्यक आहे. त्यातही एक बारकावा आहे : एनव्हिडियाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये ३१.०.१५.३६२३ असा दिसतो, तर कंपनी त्यालाच ५३६.२३ म्हणते, शेवटचे पाच अंक एकत्र घेतले की दोहोंचा मेळ लागतो.

कार्डांनाही निवृत्तीचे वय असते. एनव्हिडियाने केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर काढणे २०२१ मध्ये थांबवले आणि ४७० ही त्यांची शेवटची शाखा ठरली. एएमडीने त्याच वर्षी पोलारिसच्या आधीच्या पिढ्यांना जुन्या गटात टाकले. इंटेलने सहाव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांतील चिपांसाठी २०२२ मध्ये मासिक अद्ययावतीकरण बंद करून ते तिमाहीवर आणि मुख्यतः सुरक्षेपुरते आणले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुन्या यंत्रांना विंडोज ११ स्वीकारतच नाही. चित्रे काढायला उत्तम चालणारी यंत्रे केवळ ड्रायव्हरच्या अभावी नव्या सॉफ्टवेअरला पारखी होणे ही या क्षेत्रातली मोठी नासाडी आहे, आणि तिचा भार ज्यांना नवे यंत्र घेणे परवडत नाही त्यांच्यावरच पडतो.

निदानाचे साधन विंडोजमध्ये आधीपासून असते, पण फार थोडे लोक ते उघडतात. इव्हेंट व्ह्यूअर या नावाच्या नोंदवहीत कोसळलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद होते आणि तीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या मथळ्यासमोर, ज्या फाइलीत चूक घडली तिचे नाव लिहिलेले असते. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीऐवजी तेथे ‘एनव्हीओजीएल’ने सुरू होणारे नाव असेल तर बोट एनव्हिडियाच्या ओपनजीएल ड्रायव्हरकडे, ‘एटीआयओ’ असेल तर एएमडीकडे, आणि ‘आयजी’ने सुरू होऊन पुढे ‘आयसीडी’ ही अक्षरे असतील तर इंटेलकडे जाते. सोबत शून्य-एक्स-सी आणि शेवटी पाच असा संकेतांक असेल, तर कोडने आपल्या हक्काची नसलेली मेमरी वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रयत्न केला असा त्याचा अर्थ. हा पुरावा निर्णायक नसतो, कारण मेमरी एकाने बिघडवावी आणि ठेच दुसऱ्याला लागावी असे होऊ शकते. पण अंदाजाने दहा सेटिंग बदलण्यापेक्षा ही एक ओळ वाचणे शतपटीने उपयोगी असते. क्रिटा विंडोजवर आपली वेगळी कोसळ-नोंदही ठेवते आणि त्याच्या मदत मेनूमधून कार्ड, ड्रायव्हर व ओपनजीएलची आवृत्ती यांची माहिती एकत्र मिळते. ब्लेंडरच्या फोल्डरमध्ये ग्राफिक्सच्या तपासणीसाठी ते विशेष पद्धतीने सुरू करणारी लहानशी फाइल दिलेली असते.

सॉफ्टवेअर बंद न पडता पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो पूर्ववत झाला’ अशी सूचना येते, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते, तेव्हा प्रकरण वेगळे असते. विंडोज ग्राफिक्स चिपवर घड्याळ लावून बसलेले असते आणि दिलेले काम दोन सेकंदांत पूर्ण झाले नाही किंवा मध्येच थांबवता आले नाही, तर चिप अडकली असे मानून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. व्हिडिओ खेळ सेकंदाला साठ चित्रे काढतो, त्याच्यासाठी दोन सेकंद म्हणजे युग. पण मोठ्या पोताचे गणित करणाऱ्या किंवा त्रिमितीय दृश्य रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला एखाद्या खऱ्याखुऱ्या कामासाठी तेवढा वेळ लागू शकतो. येथे ड्रायव्हर निर्दोष असूनही बळी जातो. सबस्टन्स पेंटर हे पोत रंगवण्याचे सॉफ्टवेअर या मुदतीबद्दल सुरुवातीलाच इशारा देते आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत ती ६० सेकंदांपर्यंत वाढवण्याची शिफारस त्याच्या माहितीपत्रकात आहे. हा बदल करताना एक भान हवे : मुदत वाढवल्याने कार्ड वेगवान होत नाही, आणि चिप खरोखर अडकली तर पडदा साठ सेकंद गोठून राहतो.

ड्रायव्हरच्या माथी मारल्या जाणाऱ्या पण त्याच्या नसलेल्या दोषांची गणतीही येथेच केली पाहिजे. त्यांतला पहिला मान पेन टॅब्लेटच्या ड्रायव्हरचा. पेनचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचवण्याचे विंडोजवर दोन मार्ग आहेत, विनटॅब आणि विंडोज इंक, आणि दोन कंपन्यांचे टॅब्लेट ड्रायव्हर एकाच यंत्रावर राहून गेले तर विनटॅबच्या फाइलीवरून त्यांच्यात झगडा होतो. पेन टेकवताच सॉफ्टवेअर कोसळते, माऊसने मात्र कोसळत नाही, ही त्याची सरळ खूण; तेथे ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. दुसरा मान मेमरीचा. ए४ आकाराचे पान ६०० डीपीआयवर घेतले तर ते ४९६० गुणिले ७०१६ बिंदूंचे होते, आणि प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर सुमारे १३९ मेगाबाइट व्यापतो. रंगाची खोली १६ बिटची घेतली तर त्याच्या दुप्पट. असे पन्नास लेअर आणि आठ जीबी रॅम हा हिशेब कोणताही ड्रायव्हर जुळवून देऊ शकत नाही. आणखी दूरचे उदाहरण इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे : त्यांच्यावर चालणारे खेळ ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन कोसळत, लोक ग्राफिक्स ड्रायव्हर उलटसुलट बदलत राहिले, आणि २०२४ मध्ये स्पष्ट झाले की मूळ प्रोसेसरला मिळणाऱ्या अवाजवी व्होल्टेजमध्ये होते. यंत्र जे वाक्य उच्चारते ते त्याचे लक्षण असते, रोगाचे नाव नव्हे.

संशय पक्का करण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे कार्डाची मदत काही काळ बंद करणे. फोटोशॉपच्या प्राधान्यक्रमांतील ‘ग्राफिक्स प्रोसेसर वापरा’ ही खूण काढून टाकली, किंवा क्रिटाच्या डिस्प्ले सेटिंगमधील कॅनव्हासचा वेग वाढवणारा पर्याय बंद केला, आणि त्यानंतर तीच फाइल, तोच ब्रश, तीच क्रिया निर्विघ्न पार पडली, तर ड्रायव्हरवरचा संशय बळकट होतो; तरीही सॉफ्टवेअर कोसळले तर शोध दुसरीकडे न्यावा. सॉफ्टवेअर उघडतच नसेल तर कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट ही तीन बटणे दाबून धरून ते सुरू करावे. फोटोशॉप आणि क्रिटा दोन्हींमध्ये याच तीन बटणांनी सेटिंग मूळ स्थितीत आणता येतात. क्रिटाने विंडोजवर आणखी एक वाट ठेवलेली आहे. गूगलने ब्राउझरसाठी तयार करून २०१० मध्ये जाहीर केलेला अँगल हा थर ओपनजीएलच्या आज्ञा डायरेक्टथ्रीडीत अनुवादित करतो, आणि २०१७ मधल्या ३.३ आवृत्तीपासून क्रिटाने तो स्वीकारला, तो मुख्यत्वे इंटेलच्या ओपनजीएल ड्रायव्हरांनी आणलेल्या अडचणींवर उपाय म्हणून. विंडोजवरचे बहुसंख्य खेळ डायरेक्टथ्रीडी वापरत असल्यामुळे ड्रायव्हरचा तो भाग अधिक घासूनपुसून निघालेला असतो, हे यामागचे शहाणपण. ज्याला नवा ड्रायव्हर मिळणे शक्यच नाही त्याच्यासाठी हा एक पर्याय बदलणे पुष्कळदा पुरेसे ठरते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर चित्राचे सॉफ्टवेअर कोणत्या चिपवर चालते हेही पाहावे. विंडोज १० च्या २०१८ मधील एप्रिल अपडेटपासून ही निवड प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी सेटिंगमध्येच करता येते, आणि ताज्या एनव्हिडिया ड्रायव्हरचे कौतुक चालू असताना सॉफ्टवेअर प्रत्यक्षात इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरवर चालत असल्याचे येथे उघड होते.

अपडेट करायचेच ठरले तर ड्रायव्हर कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावा. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे ओरडत येणारी त्रयस्थ सॉफ्टवेअरे वापरू नयेत, कारण ती तारखेपलीकडे फारसे पाहत नाहीत आणि तारीख किती फसवी असते हे वर आलेच आहे. एनव्हिडियाने २०१९ पासून खेळांसाठीचे आणि सर्जनशील कामांसाठीचे असे दोन प्रवाह केले आहेत. दुसरा, ‘स्टुडिओ’ नावाचा, कमी वेळा येतो आणि चित्र-चित्रफितींच्या सॉफ्टवेअरांवर तपासून दिला जातो, तेव्हा चित्रकाराने तोच घ्यावा. नवा ड्रायव्हर जुन्यावर घालून गडबड झाली तर आधीचा पूर्ण काढून, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे साधन सेफ मोडमध्ये वापरून, कोऱ्या जागेवर नवा बसवता येतो. परंतु हा उपाय पहिल्या फेरीत करण्याचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलापूर्वीची आवृत्ती कागदावर लिहून ठेवावी, आणि कोसळण्याची क्रिया प्रत्येक बदलानंतर पुन्हा करून पाहावी. विंडोज, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर ही तिन्ही एकाच संध्याकाळी अपडेट करणाऱ्याला, काम झाले तर ते कशामुळे झाले आणि बिघडले तर कशामुळे बिघडले, दोन्ही कळत नाही.

नव्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, याला इतिहासाचा आधार आहे. व्हिस्टाच्या नव्या रचनेसाठी सर्वच कंपन्यांना ड्रायव्हर बऱ्याच अंशी नव्याने लिहावे लागले. पुढे अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, तिने २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी सुमारे २८.८ टक्क्यांचे मूळ एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांत होते. ते ड्रायव्हर जुने नव्हते. तारखेने पाहता त्यांहून नवे काही नव्हतेच. म्हणून मुदतीवर काम देणाऱ्या चित्रकाराने चालू यंत्रावर ड्रायव्हर बदलूच नये, आणि बदलल्यावर बिघाड झाला तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक’चे बटण वापरून मागे यावे. मागे येण्यात कमीपणा काहीच नाही.

विंडोजबाहेर या प्रश्नाचे रूप पालटते. ॲपलच्या संगणकांवर ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग असतो, तो वेगळा अपडेट करता येत नाही, त्यामुळे निवड कमी आणि गोंधळही कमी. परंतु ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल कालबाह्य ठरवल्यानंतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मेटलकडे वळणे भाग पडले, आणि ब्लेंडरने ४.० पासून मॅकवर ओपनजीएलचा आधार काढूनच टाकला. लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या चिपांसाठीचे मुक्त ड्रायव्हर मेसा या प्रकल्पात एकत्र विकसित होतात. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये एकट्याने सुरू केलेले हे काम आज अशा ठिकाणी पोहोचले आहे की कंपनीने सोडून दिलेल्या कित्येक चिपांना तेथे नवे ड्रायव्हर मिळत राहतात. जुन्या लॅपटॉपवर क्रिटा चालवू पाहणाऱ्याने लिनक्सचा विचार या एका कारणासाठी तरी गंभीरपणे करावा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही ड्रायव्हरवर विसंबून न राहण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत. फोटोशॉप सुरू होताना एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम आधी पाठवून कार्डाची चाचणी घेते, म्हणजे चाचणीत काही कोसळलेच तर ते छोटे जनावर मरते आणि मुख्य सॉफ्टवेअर वाचते. क्रिटा ओपनजीएलला हात लावण्यापूर्वी आपल्या सेटिंगच्या फाइलीत ‘प्रयत्न करत आहे’ अशी नोंद करते आणि जमल्यावर ती बदलते. पुढच्या वेळी ती नोंद अर्धवट सापडली तर मागच्या वेळी काय झाले हे क्रिटाला कळते. ब्लेंडरने २०२१ च्या ३.० आवृत्तीत आपल्या सायकल्स या रेंडररमधून ओपनसीएल ही कार्डावर गणिते करण्याची पद्धत वगळली, आणि त्याच्या कारणांमध्ये ड्रायव्हरमधील चुकांचा उल्लेख उघडपणे केला. व्हल्कनची दिशा याहून मूलगामी आहे : शेडर तेथे मजकुराऐवजी आधीच अर्धे रूपांतरित होऊन ड्रायव्हरकडे जातात, मेमरीचा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः ठेवते, आणि ड्रायव्हर पातळ होत जातो. चुकीची जागा त्यामुळे नाहीशी होत नाही, ती सॉफ्टवेअरच्या बाजूला सरकते. पण चित्रकाराच्या दृष्टीने हा लाभच आहे, कारण सॉफ्टवेअर त्याला अपडेट करता येते आणि आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर येत नाही. ब्लेंडरने २०२५ च्या ४.५ आवृत्तीत व्हल्कनचा पर्याय अधिकृतपणे दिला आहे.

तोवर कोसळणे टळणार नाही हे गृहीत धरून हातातले चित्र वाचवण्याची तजवीज करावी लागते. फोटोशॉप मूळ सेटिंगनुसार दर दहा मिनिटांनी पुनर्प्राप्तीची माहिती साठवते आणि ब्लेंडर दर दोन मिनिटांनी; ज्या यंत्राचा ड्रायव्हर शेवटच्या आवृत्तीवर थांबलेला आहे, त्यावर फोटोशॉपचे अंतर पाच मिनिटांवर आणावे, आणि एकाच फाइलीवर पुन्हापुन्हा लिहिण्याऐवजी क्रमांक वाढवत नव्या नावाने साठवावे, कारण साठवणे चालू असतानाच ड्रायव्हर कोसळला तर अर्धवट लिहिलेली फाइल आधीच्या चांगल्या फाइलीची जागा घेऊन बसते.